ग्रह त्याचे, सावित्री आपली

इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टचं ‘द प्लॅनेट्स’ हे वाद्यवृंदाचं संगीत आपल्या नवग्रहांवरून उचललेलं आहे, असं छातीठोकपणे सांगणारे लोक आता ठाण्यातही भेटू लागले आहेत. कोलशेत रोडवरच्या एका संकुलाच्या क्लबहाउसमध्ये अलीकडे झालेल्या व्याख्यानात तर या दाव्याची स्वतंत्र स्लाइड होती. डावीकडे आपले नऊ ग्रह, उजवीकडे होल्स्टच्या सात रचना, मधे लाल बाण. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी यांचे बाण सरळ गेले. राहू-केतूंचे बाण वळसे घेत युरेनस आणि नेपच्यूनला जाऊन भिडले. रवी आणि सोम यांच्यासमोर काहीच नव्हतं. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, “सूर्य कुठे गेला हो?” वक्ते म्हणाले, “परदेशात जाताना थोडं गळतंच, आजोबा.” हशा झाला, टाळ्याही पडल्या. ग्रहमालेतून सूर्य गळला तरी टाळ्या वाजतात, हे मला नवीन होतं.

आजोबांचा प्रश्न तिथेच विरला. पण तो बरोबर होता आणि त्याला उत्तर मिळायला हवं होतं. नवग्रहांत रवी पहिला. तो नाही, चंद्र नाही, राहू-केतू नाहीत, म्हणजे नवांपैकी चार गेले. उरलेल्या पाचांत होल्स्टनं दोन असे ग्रह घातले, ज्यांचं नावही आपल्या प्राचीन ज्योतिषाला ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. युरेनस 1781 साली दुर्बिणीतून सापडला, नेपच्यून 1846 साली. यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे: “आमच्या पंचांगात हर्षल असतो की!” असतो. पण तो हर्षल म्हणजे विल्यम हर्शेल, ज्यानं तो शोधला. पंचांगात तो इंग्रजी अमदानीत आला, वेदकाळात नव्हे. (हा हर्शेल पेशानं संगीतकार होता. बाथ शहरात ऑर्गन वाजवायचा, सिम्फनी लिहायचा, आणि उरलेल्या वेळात आकाश बघायचा. संगीत आणि ग्रह यांचा संबंध जोडायचाच असेल तर हा माणूस हाताशी आहे, पण त्याच्यावर स्लाइड कोण करणार?)

बरं, क्रम बघा. आपले ग्रह वारांच्या क्रमानं येतात, रवीपासून शनीपर्यंत, मग राहू-केतू. नवग्रहांवर खरोखर रचलेलं संगीत कुणाला ऐकायचं असेल तर मुत्तुस्वामी दीक्षितारांच्या नवग्रह कृती आहेत. संस्कृतात, रविवारच्या सूर्यापासून शनिवारच्या शनीपर्यंत, प्रत्येकाला वेगळा राग. सौराष्ट्रात सूर्य, सुरटीत अंगारक, यदुकुलकांभोजीत शनी. होल्स्ट सुरू करतो मंगळापासून. मग शुक्र, बुध, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. हा वारांचा क्रम नाही आणि सूर्यापासूनच्या अंतराचाही नाही. त्याला युद्धानं सुरुवात करायची होती आणि गूढात विरून जायचं होतं, एवढाच त्याचा हिशेब. आपल्या नवग्रहस्तोत्राचा धागा त्यात शोधणं म्हणजे दीक्षितारांना विसरून होल्स्टच्या दारात आपलं काही सांडलंय का, हे बघत बसणं.

आता ग्रहांचा स्वभाव. होल्स्टचा शुक्र ‘शांती आणणारा’ आहे: एका हॉर्नची वर चढत जाणारी हळुवार ओळ, बासऱ्या, हार्प, सेलेस्टा. आपला शुक्र कोण? दैत्यांचा गुरू, संजीवनी विद्येचा मालक, तापट. मराठी प्रेक्षकानं तर तो 1913 साली खाडिलकरांच्या ‘विद्याहरणा’त रंगमंचावर पाहिला: मद्याच्या नादी लागून शिष्याचीच राख पोटात घालून बसलेला शुक्राचार्य. ‘शांती आणणारा’ ही उपाधी त्याला कुणी दिली असती तर नाटकातल्या कचालाही हसू आलं असतं. होल्स्टचा शुक्र पाश्चात्त्य व्हीनस आहे, आणि त्यातही रोमन देवता नव्हे. 1920 साली आपल्या रचनेबद्दल होल्स्टनं स्वच्छ सांगितलं होतं की या तुकड्यांमागे ग्रहांचे ज्योतिषातले गुणधर्म आहेत, पुराणकथांतल्या त्याच नावाच्या देवतांशी त्यांचा संबंध नाही. ज्यानं घरच्या रोमन देवता दूर ठेवल्या, तो आपल्या देवतांचा आधार घेत होता, असं म्हणणं फारच धाडसाचं आहे.

शनीचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे शनी म्हणजे साडेसाती, शनिवारी मारुतीला तेल, आणि घरोघरी वाचलं जाणारं शनिमाहात्म्य, ज्यात विक्रम राजाचे हातपाय तोडले जातात आणि तो तेल्याच्या घाण्यावर बसतो. मग देवता प्रसन्न होते आणि सगळं परत मिळतं. होल्स्टचा शनी ‘वार्धक्य आणणारा’. सुरुवातीला बासऱ्या आणि हार्प लंबकासारखे दोन स्वरसमूह पुढेमागे हलवत राहतात. त्याखालून डबल बास जड पावलांनी वर येतो. हळूहळू चाल वाढते, घंटा ठणाणा वाजू लागतात, म्हाताऱ्या माणसाला रात्री अचानक येणारी धास्ती ऐकू येते. आणि मग सगळं निवतं. काहीच परत मिळत नाही. फक्त भीती उतरते. सातांमधली ही होल्स्टची आवडती रचना होती. इथे प्रसन्न करून घ्यायला कुणी देवता नाही, उतारा नाही. या दोन शनींची जात वेगळी आहे, आणि ती वेगळी आहे म्हणूनच शनिवारचं तेल वाहून आलेल्या माणसानंही होल्स्टचा शनी एकदा ऐकावा.

मग होल्स्टला हे ज्योतिष मिळालं कुठून? 1913 च्या वसंतात तो काही मित्रांबरोबर स्पेनच्या मायोर्का बेटावर गेला होता. त्यातल्या क्लिफर्ड बॅक्स या लेखकानं त्याला ज्योतिषाचा नाद लावला. होल्स्टकडे अॅलन लिओ या लोकप्रिय इंग्रज ज्योतिषाची पुस्तकं होती. ग्रहांना अशा उपाध्या द्यायची धाटणी लिओची, आणि नेपच्यूनला ‘गूढवादी’ म्हणणं तर त्याचंच. होल्स्ट पुढे मित्रांच्या कुंडल्या मांडायचा. लिओचं ज्योतिष सायन, आपली पंचांगं निरयन. दोहोंत आज सुमारे 24 अंशांची तफावत आहे, म्हणजे जवळजवळ एका राशीची. लिओ थिऑसॉफिस्ट होता आणि दोनदा भारतात येऊन गेला होता, हे व्याख्यात्यांनी सांगितलं ते खरं आहे. होल्स्टची सावत्र आईही थिऑसॉफीकडे वळलेली होती. एवढा धागा मी नाकारत नाही. पण लिओनं भारतात येऊन जाणं आणि होल्स्टनं नवग्रह उचलणं यांच्यामधे पुराव्याची एकही पायरी नाही.

शिवाय, ज्योतिषात कुणी कुणाकडून काय घेतलं हा प्रश्न काढलाच तर तो एका दिशेनं चालत नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत मोकळेपणानं लिहून ठेवलंय की यवन हे म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात चांगलं रुजलेलं असल्यानं त्यांनाही ऋषींसारखा मान दिला जातो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली मराठीत भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिला, तोही एकेका ग्रंथाचा काळ तपासत. या दोघांना जे कमीपणाचं वाटलं नाही ते आपल्याला वाटतं.

राहिला पाच मात्रांचा मुद्दा. मंगळाची रचना पाचाच्या ठेक्यात आहे, म्हणून तो झपताल, असं व्याख्यानात सांगण्यात आलं आणि मंगळ मोठ्यानं वाजवूनही दाखवला गेला. वाजवला ते बरंच झालं, कारण ऐकल्यावरच फरक कळतो. व्हायोलिनवाले गजाच्या केसांऐवजी लाकडानं तारा ठोकतात. पहिल्या मात्रेत तीन झटपट ठोके, मग एक, एक, चौथीत दोन, पाचवीत एक, आणि हेच यंत्रासारखं पुन्हा पुन्हा, एकाच स्वरावर. झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन, सहाव्या मात्रेवर खाली. खालीमुळे तो श्वास घेतो. होल्स्टला नेमका तो श्वास काढून टाकायचा होता, कारण त्याला यंत्राचं युद्ध लिहायचं होतं. (आणि ते पहिल्या महायुद्धाचं वर्णन नव्हे, आराखडा 1914 च्या उन्हाळ्यात, युद्ध सुरू होण्याआधीच झाला होता.) युरोपात पाचाचा ठेका ऐकायला भारताची वाट पाहावी लागली नव्हती. चायकोव्हस्कीच्या 1893 च्या शेवटच्या सिम्फनीत एक अख्खा भाग पाचात आहे. ‘प्लॅनेट्स’ची खरी भावकी तिकडचीच. हस्तलिखितावर होल्स्टनं आधी नाव लिहिलं होतं ‘मोठ्या वाद्यवृंदासाठी सात रचना’. 1914 सालीच लंडनमध्ये शोनबर्गच्या ‘पाच रचना’ वाजल्या होत्या, त्याचा हा पडसाद.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी होल्स्टचं भारताशी असलेलं नातंच पुसायला निघालोय. उलट आहे. ते नातं फार खोल आहे, आणि या दाव्यामुळे पुसलं जातंय ते तेच.

होल्स्ट खरोखर संस्कृत शिकला. विशीच्या मध्यावर संस्कृत साहित्याच्या इंग्रजी भाषांतरांनी त्याला झपाटलं, पण ती त्याला कृत्रिम वाटली, तेव्हा तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मेबल बोड यांच्याकडे संस्कृत शिकायला गेला. पंडित झाला नाही. कोश समोर ठेवून एकेक शब्द जुळवत स्वतःपुरतं भाषांतर करण्याइतपत मजल मारली. पोटासाठी बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारा, मग मुलींच्या शाळेत शिकवणारा, उजव्या हाताला नसांचं दुखणं असलेला हा माणूस उरल्या वेळात हे करत होता. यातून काय निघालं? 1903 चं ‘इंद्र’ हे वाद्यवृंदाचं काव्य. रामायणावरची तीन अंकी संगीतिका ‘सीता’, जी एका स्पर्धेत हरली आणि त्याच्या हयातीत रंगमंचावर आलीच नाही. 1908 ते 1912 या काळात ऋग्वेदातल्या सूक्तांची चार गटांतली समूहगीतं, त्यातला एक गट स्त्रियांचे आवाज आणि हार्प यांच्यासाठी. कालिदासाच्या ‘मेघदूता’वर ‘द क्लाउड मेसेंजर’. आणि ‘सावित्री’. विषम मात्रांशी त्याची दोस्ती झाली ती या सूक्तांना चाली देताना, असं म्हणायला जागा आहे. झपतालापेक्षा हा मुद्दा किती तरी बळकट आहे, पण त्यासाठी ती सूक्तं ऐकावी लागतात.

आता तारखा जुळवून बघा. ‘मेघदूत’ मार्च 1913 मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये सादर झालं आणि आपटलं. होल्स्ट खचला. त्यानंतर लगेच तो मायोर्काला गेला, आणि तिथून ज्योतिष आणि ‘प्लॅनेट्स’. म्हणजे ही कीर्तिवान रचना त्याच्या भारतवेडाचं फळ नाही. ते वेड लोकांनी नाकारल्यावर त्यानं धरलेली ती दुसरी वाट आहे. आपण नेमक्या त्या दुसऱ्या वाटेवर आपला झेंडा रोवतोय, आणि ज्या वाटेवर तो आपल्या साहित्याबरोबर पंधरा वर्षं चालला, ती कुठे आहे हेही आपल्याला ठाऊक नाही. कारण उघड आहे. ‘प्लॅनेट्स’ प्रसिद्ध आहे. ‘सावित्री’ नाही.

झेंडे रोवणारे तिथेही होतेच. गुरूच्या रचनेतली मधली भारदस्त चाल 1921 साली इंग्रजी देशभक्तिगीताला लावली गेली आणि आज ती इंग्लंडची आरती होऊन बसली आहे. त्याच इंग्लंडनं त्याला महायुद्धात काय दिलं होतं? त्याच्या नावात जर्मन वळणाचं ‘फॉन’ होतं, म्हणून थॅक्स्टेड गावच्या लोकांनी तो हेर असल्याच्या संशयानं पोलिसांचे कान भरले. युद्धाच्या अखेरीस सैनिकांना संगीत शिकवायला परदेशी जाण्यासाठी त्याला ते ‘फॉन’ काढून टाकावं लागलं. आपल्या क्लबहाउसातल्या स्लाइडला हा इतिहास माहीत असता तर बाण काढणारा हात थोडा अडखळला असता.

दुसऱ्या बाजूचेही लोक आहेत, त्यांना थोडक्यात. व्याख्यानानंतर चहाला एक गृहस्थ म्हणाले, “नवग्रह असोत की नसोत, हे साहेबी ढोलताशे आपल्याला कशाला?” मंगळाचं संगीत कर्कश आहे, पण ते तसं मुद्दाम आहे. आणि वाद्यवृंद आपल्याला परका असल्याचा समज मुंबईच्या इतक्या जवळ राहून तरी टिकू नये. मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला; त्यांच्या मुंबईत जन्मलेल्या मुलानं, झुबिननं, 1971 साली लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाकडून ‘प्लॅनेट्स’ वाजवून घेतलं, आणि ते ध्वनिमुद्रण आजही रसिक शोधून ऐकतात. ज्या हिंदी-मराठी चित्रगीतांवर आपण वाढलो त्यांतले व्हायोलिनचे ताफे गोव्याच्या वादकांचे. त्यांच्यातल्या अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून दाखवला. आज नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. कोलशेतहून नरिमन पॉइंट लांब पडतं, घोडबंदर रोड पार करताना तर जास्तच लांब पडतं, पण तो दोष संगीताचा नाही.

आता ‘सावित्री’बद्दल, कारण मला खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं होतं.

1908 साली लिहिलेली, 1916 च्या डिसेंबरात लंडनमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलेली ही अर्ध्या तासाची संगीतिका. पडदा वगैरे काही नाही, सुरुवातीला वाद्यंही नाहीत. अंधारातून एकट्या पुरुषाचा आवाज: मृत्यू सावित्रीला हाक मारतोय. त्या हाकेवर सावित्रीचा आवाज चढतो, दोघांचे सूर वेगळ्या पट्ट्यांत, एकमेकांना न भेटणारे. साथीला काहीही नाही. त्या काळच्या इंग्रजी संगीतात एवढं उघडं कुणी लिहीत नव्हतं. मग सत्यवान लाकूडतोड करून घरी येतो, कोसळतो. सावित्री आणि मृत्यू समोरासमोर.

आपल्या वनपर्वातली सावित्री यमाला चातुर्यानं जिंकते. सासऱ्याची दृष्टी, त्यांचं राज्य, बापाला पुत्र, स्वतःला शंभर पुत्र, असे वर मागत मागत ती त्याला शब्दात पकडते. होल्स्टनं हे सगळं वगळलं. त्याची सावित्री मृत्यूचं स्वागत करते, आणि तो प्रसन्न झाल्यावर एकच मागते: जीवन. मृत्यू म्हणतो, ते तुझ्याकडे आहेच. मग ती सांगते की एकटीचं जीवन हे जीवनच नव्हे, तुझा वर सत्यवानाशिवाय पुरा होत नाही. मृत्यू निरुत्तर होतो आणि जातो. मला व्यासांची चतुर सावित्री जास्त आवडते, हे सांगून टाकतो. शंभर पुत्रांच्या वरातली ती खोच होल्स्टनं घालवायला नको होती. पण हे भांडण करण्याजोगं आहे, कारण इथे एक परका माणूस आपली कथा वाचून, तिच्याशी झुंजून स्वतःचं काहीतरी करतोय.

नेपच्यूनच्या शेवटी, जिथे ‘प्लॅनेट्स’ संपतं, तिथे शब्दहीन गाणाऱ्या स्त्रियांचा वृंद पडद्याआड असतो आणि त्यांच्या खोलीचं दार हळूहळू लावून घेतलं जातं, आवाज नेमका कधी संपला ते कळतच नाही. तो अदृश्य, शब्दहीन वृंद होल्स्टनं आधी ‘सावित्री’त वापरला होता. देब्युसीनं त्याही आधी असं काही केलं होतं, म्हणून सगळं श्रेय सावित्रीच्या पदरात टाकता येत नाही. तरीही आपल्या कथेचा ‘प्लॅनेट्स’वर ठसा शोधायचाच असेल तर तो इथे आहे, एका तंत्रात, आणि तो कानांनीच शोधावा लागतो.

होल्स्ट भारतात कधीच आला नाही. त्याची मुलगी इमोजेन आली. 1950-51 च्या हिवाळ्यात शांतिनिकेतनात दोन महिने राहून इथलं संगीत शिकून गेली. वडिलांचं काम आपल्या हद्दीपर्यंत येऊन थांबलं होतं. पुढचं पाऊल आपण उचलायचं होतं, ते अजून उचललेलं नाही.

म्हणून व्याख्यात्यांना आणि संकुलाच्या सांस्कृतिक समितीला माझी विनंती आहे. ‘प्लॅनेट्स’ला चार बासरीवादक, सहा हॉर्न, दोन हार्प, ऑर्गन, सेलेस्टा आणि शंभराच्या घरात माणसं लागतात, ते आपल्या आवाक्यातलं नाही. ‘सावित्री’ला तीन गायक, बारा वादक आणि आड उभा असलेला स्त्रियांचा छोटा वृंद पुरतो: दोन चौकडी तंतुवाद्यं, एक डबल बास, दोन बासऱ्या आणि एक इंग्लिश हॉर्न. व्हायोलिन वाजवणारी तरुण मुलं ठाण्या-डोंबिवलीत आहेत. इंग्लिश हॉर्नवाला मुंबईहून आणावा लागेल. होल्स्टचं निधन 1934 साली झालं, त्यामुळे आपल्या कायद्याप्रमाणे ही कलाकृती केव्हाच स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहे. संहिताही त्याचीच, मराठी करायला कुणाची परवानगी नको. संगीतिका उघड्यावर किंवा लहानशा इमारतीत करावी, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. घाणेकर नाट्यगृहाचं छोटं सभागृह चालेल, किंवा खाडीकाठच्या एखाद्या संकुलाचं मोकळं पटांगणही. वटपौर्णिमेचा मुहूर्त धरू नका, ज्येष्ठातल्या पावसाचा भरवसा नाही. डिसेंबरात करा. वर्गणीचे पहिले पैसे माझे घ्या, आणि त्या आजोबांना पहिल्या रांगेत बसवा.